येऊरच्या पाचोळ्याखाली कोण राहतं?

येऊरची_वाट (रविवार, रात्री 9:40)

नमस्कार मंडळी,

बारा-तेरा वर्षं झाली, ठाण्यातल्या वर्तकनगरहून येऊरला, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या जंगलात, सकाळी चालायला जाते. आज जे पाहिलं त्याने दिवसभर अस्वस्थ आहे, म्हणून धागा काढतेय.

पाटोणपाड्याच्या अलीकडे एक स्वच्छता मोहीम चालू होती. वीस-पंचवीस मुलंमुली, हातात पोती. बाटल्या, चिप्सची पाकिटं, थर्माकोलच्या ताटल्या वेचत होती. त्याबद्दल त्यांचं कौतुकच करायला हवं. पण त्यांच्यातल्या काहींनी खराटेही आणले होते. पायवाटेपासून पार आतपर्यंत, झाडांखालचा सगळा पाचोळा झाडून त्यांनी ढीग लावले आणि एका ढिगाला काडीही लावली. मी हटकलं तेव्हा एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "काकू, जंगल स्वच्छ दिसायला नको का?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. आग मात्र आम्ही दोघींनी मिळून बाटलीतल्या पाण्याने आणि मातीने विझवली.

झाडलेल्या त्या पट्ट्यात, एका ऐनाच्या बुंध्यापासून दोन हातांवर, रुपयाच्या नाण्याएवढं एक भोक उघडं पडलं होतं. तोंडाशी खड्यांचा ढीग. खडे सगळे हरभऱ्याएवढे, कुणी चाळणीतून काढावेत तसे. आजूबाजूची जमीन तांबडी आणि भुसभुशीत, तिथे असे खडे जवळपास दिसतच नव्हते. म्हणजे कुणीतरी ते एकेक करून तिथवर आणले होते.

हे कुणाचं घर? बिबट्यावर आपल्याकडे रोज काहीतरी छापून येतं, पक्ष्यांचे तर कितीतरी ग्रुप आहेत. पण या जंगलात उंदराएवढे प्राणी कोणते आणि ते नेमके कुठे राहतात, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. जाणकारांनी कृपया लिहावं.

---

कोलशेत_कट्टा (रविवार, 10:15)

खड्यांचं बीळ मीही पाहिलंय, मामा-भांज्याच्या चढावर. तेव्हा वाटलं होतं लहान मुलांनी खेळताना रचलं असेल. उत्तराची वाट बघतोय.

---

दोरा_सोडणारा (रविवार, 11:52)

ताई, खडे ही त्याची सहीच आहे. काटेरी केसांचा रानउंदीर, शास्त्रीय नाव मस प्लॅटिथ्रिक्स. घरातल्या पिटुकल्या उंदराचाच भाऊबंद, पण पाठीवरचे केस चपटे आणि ताठ, उलट्या दिशेने बोट फिरवलं तर टोचतात. बिळाच्या तोंडाशी खडे रचायचे आणि आतल्या खोलीतही खडेच अंथरायचे ही त्याची पद्धत. तुम्ही पाहिलेलं घर रिकामं असेलच असं नाही. दिवसा तो आतच असतो.

थोडं सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या जिवाभावाचा आहे. एमएस्सीनंतर दोन हंगाम मी एका संशोधक ताईंचा मदतनीस म्हणून दक्षिणेकडच्या सह्याद्रीत होतो. जंगल सदाहरित, कुऱ्हाड न लागलेलं. काम एकच: छोटे सस्तन प्राणी कुठे आणि कसे राहतात ते बघायचं.

पद्धत अशी. शर्मन सापळा म्हणजे ॲल्युमिनियमची घडीची पेटी, साधारण दुधाच्या पिशवीएवढी. दहा-दहा मीटरवर एक, असे ओळीने मांडून जंगलात चौकटी आखायच्या. आत शेंगदाण्याच्या कुटाचा गोळा आणि ऊब राहावी म्हणून कापसाचा बोळा. संध्याकाळी लावायचे, उजाडण्याआधी बघायला निघायचं, कारण ऊन चढलं की पत्र्याची पेटी तापते आणि आतला जीव जातो. चिचुंद्री सापडण्यासारखी असेल तर रात्रीतही फेरी मारायची. चिचुंद्रीला दर काही तासांनी खायला लागतं, उपाशी राहिली तर सकाळपर्यंत टिकत नाही. आणि इथे एक सांगून टाकतो, चिचुंद्री उंदीर नव्हे. ती कीटकभक्षी, वेगळ्याच घराण्यातली.

सापडलेला प्राणी कापडी पिशवीत घ्यायचा, तराजूला लटकवून वजन करायचं, कानाला बारीक खूण करायची आणि जिथे सापडला तिथेच सोडायचा. तोच परत किती वेळा सापडतो यावरून संख्येचा अंदाज. पहिल्या आठवड्यात माझी फार निराशा झाली, कारण बहुतेक पेट्या रिकाम्या. मला वाटायचं घनदाट जंगल म्हणजे उंदरांची रेलचेल. ताई म्हणाल्या, रेलचेल बघायची तर शेताच्या बांधावर जा. न मोडलेल्या जंगलात जाती जास्त असतात, पण प्रत्येकीची डोकी मोजकी. जंगल मोडलं की नेमकं उलटं होतं. एखाद-दुसरी काहीही खाणारी जात बेसुमार वाढते आणि बाकीच्या गप्प होतात.

पेटीने फक्त "इथे सापडला" एवढं कळतं. तो जातो कुठून, हे दोऱ्याने कळतं. शिलाई मशीनच्या बॉबिनसारखं दोऱ्याचं हलकं गुंडाळं त्याच्या पाठीच्या केसांना चिकटवायचं, दोऱ्याचं मोकळं टोक झुडपाला बांधायचं आणि त्याला सोडून द्यायचं. तो जातो तसा दोरा मागे सुटत राहतो. काही दिवसांत गुंडाळं आपोआप गळून पडतं.

पहिला दोरा मी एकट्याने मागोवला तो अजून डोळ्यांसमोर आहे. मोकळ्या जमिनीवरून दोरा हातभरसुद्धा गेला नव्हता. सुटल्याबरोबर पाचोळ्याखाली. तिथून एका पडलेल्या ओंडक्याच्या कडेकडेने, मग ओंडक्याच्या पोकळीतून आरपार. पुढे दोन दगडांच्या फटीत. मग एका वेलीवरून सरळ वर, माझ्या डोक्यापेक्षा उंच, आणि तिथून आडव्या फांदीवर. सगळा मिळून वीस-पंचवीस मीटरचा प्रवास, पण त्या एवढ्याशा प्रवासात पाचोळा, ओंडका, फट, वेल आणि फांदी सगळं वापरून झालं होतं. आपण ज्याला "जंगल" असं एका शब्दात म्हणतो, ते त्याच्यासाठी पाच वेगवेगळ्या खोल्यांचं घर होतं. तुम्ही पाहिलेल्या पट्ट्यात खराट्याने त्यातली एक खोली गेली.

---

प्राजक्ता_चरई (सोमवार, सकाळी 8:05)

केवढं सुंदर लिहिलंय. पाचोळा झाडणाऱ्यांत आमच्या सोसायटीची मुलंही असतील, त्यांना हे वाचून दाखवणार आहे. आपल्या इथे कोणकोणत्या जाती आहेत तेही लिहाल का?

---

दोरा_सोडणारा (सोमवार, दुपारी 1:30)

आपल्याकडचं जंगल त्या सदाहरित जंगलासारखं नाही. येऊर, तुळशी, कान्हेरी हे सगळं पानझडी, साग-ऐन-कळम-कुसुमचं. उन्हाळ्यात वरचं छप्परच नाहीसं होतं, म्हणून जमिनीवरचा पाचोळा इथे जास्तच मोलाचा. अशा जंगलात कुठे काय शोधायचं ते सांगतो.

खडकाच्या कपारीत पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर. शेपटीचा टोकाकडचा भाग पांढरा, अंधारात तेवढाच हलताना दिसतो. घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्यांत झुडपातला बुश रॅट, जाळीखालच्या गवतात याच्या येण्याजाण्याच्या वाटा बोगद्यासारख्या पडलेल्या असतात. बांबूच्या बेटात आणि वेलींत लांब शेपटीचा झाडउंदीर, व्हँडेल्युरिया. हा माझा सगळ्यात लाडका. अंगठ्याएवढं शरीर आणि शरीरापेक्षा लांब शेपटी. ती फांदीला वेढा घालून आधार घेते. पायाची पहिली आणि पाचवी बोटं इतर बोटांसमोर आणून तो डहाळी चिमटीत पकडतो, आणि त्या बोटांना नखी नसून आपल्यासारखं चपटं नख असतं. जमिनीवर क्वचितच उतरतो. म्हणजे फांदीला फांदी भिडलेली नसेल तर त्याचा रस्ताच तुटला.

नावांमध्येही आपला मुलूख आहे बरं का. सह्याद्रीच्या दाट जंगलात झाडांवर राहणारा रॅटस सटारी, त्याला 1918 साली साताऱ्यावरून नाव मिळालं. बराच काळ त्याला साध्या काळ्या उंदराचीच उपजात समजत, पुढे जनुकीय अभ्यासातून वेगळी जात ठरली. मिलार्डिया कोंडाना हा सिंहगडावरचा, 1975 साली वर्णन झालेला आणि आज धोक्यात असलेला. त्यातलं मिलार्डिया हे नाव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांचं. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे ते मानद सचिव होते आणि 1911 साली सुरू झालेल्या भारतातल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणामागे त्यांचा पुढाकार होता.

---

खाडीकाठी (सोमवार, रात्री 10:20)

मी बेलापूरची. सापळे लावायची परवानगी आपल्याला नाही आणि नसावीच. पण आमच्याकडे एक बिनपगारी सर्वेक्षक आहे, गव्हाणी घुबड.

आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली तीन वर्षं जोडपं राहतंय. घुबड उंदीर सबंध गिळतं, मांस पचतं, हाडं आणि केस पचत नाहीत. त्यांची गोळी करून ते तोंडावाटे टाकून देतं. ताजी गोळी काळी, तकतकीत, लाख फासल्यासारखी. हातमोजे आणि मास्क घालून मी त्या गोळा करते, कोमट पाण्यात भिजवते आणि वर्तमानपत्रावर चिमट्याने सोडवते. मुलगा सातवीत आहे, त्याने वही घातली आहे.

पहिली गोळी उघडली तेव्हा केसांच्या गोळ्यातून एक अख्खी कवटी बाहेर आली, माझ्या करंगळीच्या पेराएवढी. लांबट, पुढे निमुळती. दात टोकदार, पांढरे, पुढून मागेपर्यंत सलग. मुलगा म्हणाला, "आई, ही उंदराची नाही." उंदराच्या कवटीला पुढे पटाशीसारखे दोन-दोन पिवळे-नारिंगी दात, मग मोठी मोकळी जागा आणि मग दाढा. ही चिचुंद्री होती. इमारतीच्या आसपास फिरणारी, जिची पिल्लं एकमेकांची शेपूट तोंडात धरून आईमागे आगगाडी करतात, तीच.

पण गंमत पुढे आहे. पावसाळ्यानंतरच्या दोन गोळ्यांत अशा कवट्या निघाल्या, ज्यांच्या वरच्या पटाशीवर उभी खाच होती, कुणी दाभणाने ओढल्यासारखी. हरणमूस म्हणजे शेतातला उड्या मारणारा उंदीर, त्याच्या दातालाही खाच असते, म्हणून आधी तेच वाटलं. पण हरणमुसाच्या कवटीला मागे कानापाशी मोठे फुगे असतात, या कवट्यांना नव्हते. म्हणजे हा तुम्ही लिहिलेला झुडपातला उंदीर. आमच्या इमारतीभोवती एक झुडूप उरलेलं नाही. घुबडाने तो पारसिकच्या टेकडीवरून आणला असणार. म्हणजे त्या टेकडीवर अजून झुडूप आहे आणि झुडपात अजून कुणी राहतंय, ही बातमी मला टाकीखाली मिळाली.

---

ओवळा_21वा_मजला (मंगळवार, सकाळी 9:10)

मी थोडा वेगळा प्रश्न विचारतो, राग मानू नये. आमची इमारत घोडबंदर रोडला जंगलाला लागून आहे. पार्किंगमध्ये उंदीर आणि घुशींनी वात आणलाय, गाडीची वायर दोनदा खाल्ली. शेजारी म्हणतात, जंगलातून येतात, कुंपणापलीकडचं रान साफ करून घ्या. शिवाय उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोच्या तापाची भीती. घरात लहान मूल आहे.

---

दोरा_सोडणारा (मंगळवार, दुपारी 2:15)

राग कसला, योग्य प्रश्न आहे. लेप्टो खरा आहे, काळजी घ्यायलाच हवी. पावसात साचलेल्या पाण्यात उघड्या जखमेने उतरू नका, ताप आला तर अंगावर काढू नका.

पण पार्किंगमधले पाहुणे कोण ते बघा. घूस, तपकिरी उंदीर, काळा उंदीर. ही सगळी माणसाच्या उकिरड्यावर पोसलेली मंडळी. काटेरी उंदीर तुमच्या वायरीपर्यंत येत नाही, झाडउंदराला तर तुमचं पार्किंग म्हणजे वाळवंट. प्रवास उलट्या दिशेने होतो. उकिरड्यावर वाढलेला काळा उंदीर जंगलाच्या कडेला शिरतो आणि कडेचं रान विरळ झालं असेल तर तिथल्या मूळ रहिवाशांना हटवतो. कुंपणापलीकडचं रान साफ केलंत तर त्याचा रस्ता सोपा होईल. शिवाय त्याला खाणारे साप, घुबड, मुंगूस, उदमांजर, वाघाटी त्याच रानात राहतात. तुमच्या ओल्या कचऱ्याचे डबे रात्री झाकलेले असतात का, एवढं एकदा खाली जाऊन बघा.

---

ओवळा_21वा_मजला (मंगळवार, रात्री 11:05)

आत्ताच जाऊन आलो. सहापैकी चार डबे उघडे. मीटिंगमध्ये मांडतो.

---

अभ्यासू_कळवा (बुधवार, रात्री 9:30)

दोन उदाहरणं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

थायलंडमध्ये 1986-87 च्या सुमारास चिऊ लार्न धरणाच्या पाण्यात जंगल बुडालं आणि टेकड्यांचे माथे बेटं होऊन उरले. त्या बेटांवरचे छोटे सस्तन प्राणी पाच-सात वर्षांनी आणि पुन्हा पंचवीस वर्षांनी मोजले गेले. सगळ्यात मोठं बेट 56 हेक्टरचं. झाडं उभी होती, लांबून हिरवंगार जंगलच दिसत होतं. पण मूळ जाती जवळजवळ सगळ्या नाहीशा झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी एकच बाहेरून आलेला मलायी उंदीर उरला होता. हे 2013 साली प्रसिद्ध झालं.

दुसरं व्हेनेझुएलातलं, गुरी धरणाच्या बेटांवरचं, 2001 सालचं. तिथे शिकारी प्राणी संपले. उंदीर, माकडं, पानं कापणाऱ्या मुंग्या मुख्य भूमीच्या 10 ते 100 पट झाल्या आणि मोठ्या झाडांची रोपं उगवेनाशी झाली.

आपलं राष्ट्रीय उद्यान सुमारे 103 चौरस किलोमीटरचं आहे, त्या बेटांशी त्याची बरोबरी करत नाही. पण पारसिक, खारघरच्या टेकडीचे तुकडे, कोलशेत-मानपाड्याकडे इमारतींमध्ये अडकलेली रानं? ती हेक्टरांतच मोजायची. पाण्याऐवजी डांबर, एवढाच फरक. उद्यानाचा नागला भाग खाडीपलीकडे आहे, पुढे तुंगारेश्वरचं अभयारण्य. बिबट्या तो पल्ला कधीतरी गाठेल. पाचोळ्याखालून चालणारा दहा-पंधरा ग्रॅमचा उंदीर घोडबंदर रोड कसा ओलांडणार?

---

सह्यवेडा (गुरुवार, सकाळी 7:45)

दर आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीच्या झुडपांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 2008, 2016 आणि 2024 ला येऊरची कारवी फुलली तेव्हा अख्खं ठाणं फोटो काढायला लोटलं होतं. फुलून झाली की ती वाळते, पुढच्या उन्हाळ्यात बोंडं तडतडून बी उडतं. मग लोक म्हणतात, वाळक्या काड्यांचं रान झालंय, वणव्याची भीती, कापून टाका.

पाड्यावरच्या एका आजोबांबरोबर मी त्या वाळक्या कारवीतून गेलोय. ते वाकून चालायचे आणि मलाही वाकायला लावायचे. वाकल्यावर दिसलं की गुडघ्याच्या उंचीखाली कारवीच्या खोडांमधून बारीक वाटा गेल्यात, वरून काहीच दिसत नाही. एका वाटेवर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा रोजचा रस्ता हाय, बघ, काडी पण पडली नाय याच्यावर." खरंच, सगळीकडे काटक्या, ती वाट मात्र स्वच्छ. पुढे एका खोडाशी कुसुमाच्या बियांची कुरतडलेली टरफलं पडली होती. आजोबांनी ती उचलली नाहीत, मला हात लावू दिला नाही.

---

प्राजक्ता_चरई (गुरुवार, दुपारी 12:20)

जंगलात धूर किंवा आग दिसली तर 1926 ही वन विभागाची हेल्पलाइन आहे. राष्ट्रीय उद्यानात आग लावणं कायद्याने गुन्हा आहे, पाचोळ्याचा ढीग असला तरी. आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात उंदीर पूर्वी "उपद्रवी" म्हणून वेगळ्या पाचव्या परिशिष्टात टाकलेले होते. 2022 च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं. मुलांना हे सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "मग आता ते चांगले झाले का?" उत्तर द्यायला मला तुमचा दोरा उपयोगी पडला.

---

येऊरची_वाट (पुढचा रविवार, सकाळी 11:30)

सगळ्यांचे आभार. आज पुन्हा जाऊन आले.

मोहिमेच्या आयोजकांना गुरुवारीच फोन केला होता, हा धागाही पाठवला. आज तीच मुलं होती, खराटे नव्हते. मागच्या आठवड्यातले न जळलेले ढीग त्यांनी हातांनी परत पसरले. मला "काकू" म्हणणारी ती मुलगी पाचोळा टाकताना मुठी सैल सोडत होती, खाली दाबला जाऊ नये म्हणून. तिने मला विचारलं, पडलेला तो वठलेला फाटा वाटेतून बाजूला केला तर चालेल का. वाट अडत होती, म्हणून चौघांनी उचलून दोन पावलं आत ठेवला.

बिळाजवळ आम्ही दोघीच गेलो. खड्यांचा ढीग मागच्या वेळी कुणाच्या तरी पायाने विस्कटला होता. आज तो पुन्हा तोंडाशी गोळा केलेला होता. वरचे चार-पाच खडे ओलसर मातीने माखलेले, बाकीचे कोरडे. तिने मोबाइल काढला, मग परत खिशात ठेवला. आम्ही त्यावर पाचोळा टाकला नाही, शेजारी तीन हातांवर टाकला. त्याला हवा तेवढा तो ओढून घेईल.